हेरमनरावांचा रिकामा रस्ता

१

दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी साडेदहाला दादासाहेबांची गाडी आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी येऊन थांबते आणि हॉर्न दोनदा वाजतो. तिसऱ्यांदा वाजवणं असभ्यपणाचं, असं दादासाहेबांचं मत. हा माणूस एकोणीसशे एकोणसत्तर साली कॅनडात आला, इंजिनियर म्हणून रिटायर झाला, आणि आज ब्याऐंशीव्या वर्षीही विंटर टायर कधी चढवायचे यावर अख्ख्या किचनर गावाला सल्ला देत असतो. मी मिरजेचा, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. सातवी पास, तीही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून. बायको गेल्यावर लेकीनं, यामिनीनं, मला इकडं आणलं. तिला वाटलं, म्हातारा बेसमेंटमध्ये गुपचूप टीव्ही बघत बसेल. म्हाताऱ्यानं पहिल्याच थंडीत शेजाऱ्याच्या स्नोमॅनला धोतर नेसवलं.

आम्ही दोघं जातो ते जर्मन लोकांच्या जुन्या क्लबात. या किचनरचं नावच मुळात बर्लिन होतं, पहिल्या महायुद्धात बदललं. क्लबाचा हॉल आमचं मराठी मंडळ संक्रांतीला भाड्यानं घेतं, तिथून दादासाहेबांची क्लबाशी ओळख. हॉलच्या बाजूला एक लांबट खोली आहे. तिला एकच खिडकी, रेडिएटर सारखा टकटक करतो, आणि भिंतीवर एकतीस चित्रं. सगळी एकाच माणसाची. हेरमान डिलेनकोफर. हे आडनाव मी एकदाच उच्चारलं, तेव्हा कवळी हलली. त्या दिवसापासून मी त्याला हेरमनराव म्हणतो.

दादासाहेब रविवारी दुपारी दोनला येणाऱ्या लोकांना ही चित्रं समजावून सांगतात. मी चौकटींचे टवके उडालेले कोपरे सोनेरी रंगानं भरतो. म्हणजे त्यांनी बोलायचं आणि मी रंगवायचं, अशी वाटणी.

"पेंटर," ते मला म्हणायचे, "हे आर्ट आहे, बरं का. किराणा दुकानाची पाटी नव्हे."

मी म्हणायचो, "दादासाहेब, पाटी वाचून माणूस निदान साखर तरी घेऊन जातो."

२

हेरमनरावांची कथा मला पाठ झाली होती, इतक्यांदा ऐकली. आयफेल म्हणून जर्मनीत डोंगराळ, गरीब मुलूख आहे. तिथल्या एका खोऱ्यात हा जन्मला. बाप घरांना चुना लावणारा. पोरगा खाणावळींच्या पाट्या रंगवायचा, लग्नातल्या कपाटांवर फुलं काढायचा. दादासाहेब हा भाग घाईनं उरकायचे. मला तेवढाच आवडायचा, कारण हेरमनराव आमच्याच पेशातला निघाला की राव. मग तिशीत त्यानं निसर्गचित्रं सुरू केली आणि चाळीस वर्षं एकाच खिडकीत बसून एकच खोरं रंगवलं. शहरात गेला नाही, नाव झालं नाही, आपल्या अंथरुणात म्हातारा होऊन मेला. त्याच्या पुतणीची पुतणी इकडं आली, तिनं चित्रं आणली.

चित्रात खालच्या कडेपासून एक रस्ता निघतो. आधी नासपतीची दोन झाडं, मग दगडी पूल, मग गिरणी, मग चढ, आणि वर सूचिपर्णी झाडांचं काळं रान. रस्ता रानात शिरतो तिथं चित्र संपतं. एकतीस चित्रांत ऋतू वेगळा, उजेड वेगळा, रस्ता तोच.

"आणि आता नीट बघा," दादासाहेब सतरा नंबरच्या चित्रापाशी थांबून आवाज खाली आणायचे, "चाळीस वर्षांत या कलावंतानं एकही माणूस काढलेला नाही. एकही. का? कारण त्याला निर्मळ निसर्ग हवा होता."

क्लबाची व्यवस्था बघणारी हिल्डा नावाची बाई आहे, ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली आणि नजरेनं धारदार. तिनं एकदा मला सतरा नंबर उलटा करून दाखवला. मागं पेन्सिलीनं तारीख, वेळ आणि एक जर्मन शब्द. सगळ्या चित्रांच्या मागं तोच शब्द होता.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"रिकामं," ती म्हणाली. "माझी आजी त्याच खोऱ्यातली. ती सांगायची, रस्त्यावर लांब कुठं ठिपक्याएवढा माणूस असला तरी तो ब्रश खाली ठेवून थांबायचा. तासन् तास. रस्ता रिकामा झाल्याची खात्री झाली की मग काढायचा."

"का?"

"कॉफी घेणार का तू?" हिल्डा म्हणाली.

३

शिमगा जवळ आला आणि माझ्या हाताला खाज सुटली. मिरजेत शिमग्याला मी एका वकिलाच्या पाटीवर रात्रीतून शिंगं काढली होती, तो मनुष्य तीन दिवस त्या पाटीखालून मानानं ये-जा करत होता. इकडं कुणाची करणार? दादासाहेबांचीच.

बेत साधा होता. सतरा नंबरच्या रस्त्यावर खुद्द दादासाहेबांना काढायचं. निळा पार्का, म्हणजे इकडचा थंडीचा जाड कोट, मरून कानटोपी, हात मागं बांधलेले, थोडे पुढं झुकून चाललेले. रविवारी ते बोटानं दाखवून म्हणणार, एकही माणूस नाही, आणि लोकांना तिथं तेच दिसणार. मी पोस्टर कलर घेतला. वार्निशवर पोस्टर कलर बसत नाही, ओल्या फडक्यानं एका पुसण्यात जातो. मी खोडकर असेन, पण दुसऱ्याचं काम बिघडवणारा नाही.

गुरुवारी दादासाहेब कमिटीच्या मीटिंगला बसले. मी सगळ्यात बारीक ब्रश काढला आणि वीस मिनिटांत माणूस उभा केला. पहिल्या नासपतीच्या बुंध्याशी, करंगळीच्या नखाएवढा, आपल्याकडं पाठ करून. पाठच केली, कारण चेहरे मला जमत नाहीत. पण पाठ अशी जमली की न ओळखणारा आंधळाच म्हणावा.

ब्रश धुताना एक गोष्ट झाली. रेडिएटरची टकटक थांबली. ती थांबली तेव्हा मला कळलं की ती चालू होती. मी मान वर केली, खोलीत कुणी नव्हतं, आणि मला उगाच असं वाटलं की मी कुणाच्या तरी वाटेत उभा आहे. मी बाजूला झालो. मग स्वतःलाच हसलो.

४

रविवारी पंधरा-सोळा लोक होते, त्यात मंडळातली सहा. उमावहिनी, म्हणजे दादासाहेबांची बायको, थर्मासमधून चहा वाटत होत्या. मी मागं भिंतीला टेकून हसू दाबत होतो.

"चाळीस वर्षांत एकही माणूस नाही," दादासाहेब म्हणाले आणि त्यांनी बोट बरोबर नासपतीपाशी नेलं.

कुणी हसलं नाही. मी पुढं घुसून बघितलं. नासपतीपाशी कुणी नव्हतं.

हिल्डानं पुसलं असणार, असं मला वाटलं, आणि थोडा हिरमुसलो. मग दिसला. पुलाच्या पलीकडं. निळा पार्का, मरून टोपी, तांदळाच्या दाण्याएवढा.

आता मी काही खुळा नाही. माझी मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं झालीत, नातवंडांची नावं मी आलटून पालटून घेतो. पण चाळीस वर्षं पाट्या रंगवलेला माणूस आपण कुठं रंग लावला ते विसरत नाही. मी नखाएवढा माणूस झाडापाशी काढला होता. तांदळाएवढा पुलापाशी काढला नव्हता. भिंगाशिवाय तांदळाएवढ्याला टोपीची शिवण दाखवता येत नाही. याला होती.

"निर्मळ निसर्ग," दादासाहेब म्हणत होते, आणि वाक्याच्या मधेच थांबले. मान किंचित वळवली, लांबून कुणी हाक मारल्यावर वळवतात तशी. "हो, आलो," ते मराठीत म्हणाले. मग परत इंग्रजीत वाक्य पुरं केलं.

वहिनी म्हणाल्या, "कुणाला म्हणालात हो?"

"कुणाला काय?" दादासाहेब म्हणाले.

५

मंगळवारी हॉर्न वाजला नाही. वहिनींचा फोन आला.

"पेंटरभावजी, जरा येता का? तुमचं ऐकतात ते."

"वहिनी, माझं माझी कवळी ऐकत नाही."

त्या हसल्या नाहीत. मी बसनं गेलो.

दादासाहेब खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. घरात हीटिंग चालू, अंगावर पार्का, डोक्यावर कानटोपी. चेहरा ठीक, रंग ठीक. वहिनी म्हणाल्या, क्लिनिकमध्ये नेलं होतं, ब्लड टेस्ट नॉर्मल, कान नॉर्मल, हार्ट माझ्यापेक्षा चांगलं.

"मग झालंय काय?"

"तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

मी समोर स्टूल ओढून बसलो, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. "काय दादासाहेब, आज पेट्रोल संपलं का उत्साह?"

ते माझ्याकडं बघत राहिले. ओठ हलले. मग आवाज आला. आवाज त्यांचाच, पण शेताच्या पल्याडच्या बांधावरून कुणी बोलावं तसा, वाऱ्यात कमीजास्त होणारा. ओठ आधी हलत होते, शब्द मागून पोचत होते.

"पेंटर, तो रस्ता चढाचा आहे रे. वरून दिसतो त्यापेक्षा जास्त."

वहिनी मागं कपबशी घेऊन उभ्या होत्या.

"कुठला रस्ता?" मी विचारलं. वाट बघितली. तीन, चार, पाच मोजले.

"पुढं कुणीतरी चाललाय. पाठ ओळखीची वाटते. कोण ते आठवत नाही." परत थांबले. दम लागल्यासारखे. "त्याचं तोंड एकदा बघितलं की झालं. मग मी सुटलो."

"सुटलो म्हणजे? परत येणार?"

या प्रश्नाला उत्तर आलं नाही. पोचलं नसेल, किंवा तिकडून निघालं नसेल.

वहिनींनी मला दारापर्यंत सोडलं. "तुम्हाला कळला का काही अर्थ? काल रात्री हाक मारली तर उत्तर मी पाणी पिऊन आले तेव्हा आलं. रोज लांब जातंय ते. पंचावन्न वर्षं मी या माणसाचं ऐकतेय भावजी, आवाज कमी करा म्हणून भांडलेय. एक दिवस उत्तरच आलं नाही तर?"

मी बूट चढवत होतो, मान वर केली नाही.

६

तिथून सरळ क्लब गाठला. सतरा नंबरवर माणूस गिरणी ओलांडून चढावर होता. रव्याच्या कणाएवढा. वर रान, आणि रानाच्या तोंडापर्यंत फार रस्ता उरला नव्हता. रानाच्या आत चित्र नाही.

मी फडकं ओलं केलं. हात थांबला. पुसला आणि माणूसही पुसला गेला तर? मग म्हटलं, पेंटर, तू आता ब्याऐंशी वर्षांच्या इंजिनियरला पोस्टर कलरचा समजायला लागलास. आधी टोपीची एक कड पुसून बघ. टेकवलं फडकं. काही निघालं नाही. फडकं कोरं. नखानं चाचपलं तर गुळगुळीत वार्निश, सलग. माझा माणूस वार्निशच्या खाली गेला होता. शंभर वर्षांच्या पिवळ्या, तडकलेल्या वार्निशच्या खाली, आणि तडे त्याच्या पाठीवरून गेले होते.

"नवीन आहे हा," हिल्डा मागून म्हणाली. मला तिची चाहूल लागली नव्हती. चष्मा नाकावर सरकवून ती बघत होती.

"मी काढला," मी कबूल केलं. "गंमत म्हणून."

ती रागावेल असं वाटलं. ती म्हणाली, "मग तूच बघ आता," आणि दिवा लावून गेली. त्या खोलीत दुपारीही दिवा लागतो.

मी घरी यामिनीला सगळं सांगितलं. ती लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होती, म्यूट करून म्हणाली, "अप्पा, प्लीज. मागच्या वेळी तुम्ही मला सांगितलं होतं की बेसमेंटमध्ये अस्वल आहे. मी नाइन-वन-वनला कॉल केला होता."

हे खरं होतं. आयुष्यभर थापा मारल्यावर एक खरी गोष्ट सांगायची वेळ येते आणि माणसाकडं आवाजच वेगळा नसतो.

७

बुधवारभर मी विचार केला. पुसता येत नाही. वळवता येत नाही, वळवायचा तर चेहरा काढावा लागेल आणि माझ्या हातून निघालेला चेहरा घेऊन दादासाहेब परत आले तर वहिनी दार उघडायच्या नाहीत. मग मला येतं काय? पाट्या येतात. पाटीसमोर माणूस थांबतो. दादासाहेब तर नक्की थांबणार. हा माणूस मोकळ्या रस्त्यावर, मागंपुढं काळं कुत्रं नसताना, स्टॉप साइनला पूर्ण तीन सेकंद गाडी उभी करतो.

जत्रेत मी तांदळावर नावं लिहायचो, चार आण्याला एक. गुरुवारी भिंग, ब्रशचा एकच केस आणि पांढरा रंग घेऊन बसलो. दादासाहेबांना वहिनींनी गाडीत घालून क्लबात आणलं होतं, मीच सांगितलं होतं तसं. ते हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते, वहिनी शेजारी. दार उघडं ठेवलं होतं.

भिंगातून बघितलं. रवाकण रानाच्या तोंडाशी आला होता. त्याच्या पुढं, अगदी चिकटून, एक काळा ठिपका होता. माशीची घाण असते तसा. दादासाहेब म्हणाले होते पुढं कुणीतरी चाललाय, ते मला आठवलं. पण चित्रात माणूस मी एकच काढला होता, हे मला पक्कं माहीत होतं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात कोण चालतं याचा हिशेब कुठं ठेवायचा? दोघांच्या मधे ब्रशचा केस जाईल एवढी फटही नव्हती. मी पाटी ठिपक्याच्या पुढं लावली, जिथं रस्ता रानात शिरतो नेमकी तिथं. दोन खांब, आडवी फळी. फळीवर लिहिलं: रस्ता बंद आहे.

शेवटची मात्रा ओढली आणि रेडिएटर गप्प झाला. हॉलमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"उमा," दादासाहेब म्हणाले, अजून लांबून, पण आवाज वर चढत होता, "अगं, पुढं रस्ता बंद आहे. मागं फिरावं लागणार. कळवायला नको का आधी? महानगरपालिकेचा कारभार."

वहिनी तोंडात पदर... पदर कुठला, स्कार्फ कोंबून रडायला लागल्या.

८

शुक्रवारी सकाळी फोन आला तो कानापासून वीतभर लांब धरावा लागला. दादासाहेब घरी होते, सगळेच्या सगळे, आणि माझ्या चौकटींवर सोनेरी रंगाचे ओघळ आलेत ही तक्रार करत होते. मी यामिनीला पुरणपोळी करायला लावली. शिमगा उलटून गेला होता, पण मला त्या दिवशी होता.

शनिवारी सहज म्हणून क्लबात गेलो. आपलं काम बघायला कुणाला आवडत नाही? सतरा नंबरवर पाटी होती. मरून टोपी कुठंच नव्हती. झाडापाशी नाही, पुलावर नाही. बाहेर पडले दादासाहेब. मी हात जोडले.

मग तो ठिपका शोधला. रानाच्या तोंडाशी तो नव्हता.

तो पुलावर होता. तांदळाएवढा. टोपी नाही, हात सरळ खाली, आणि तोंड आपल्याकडं.

पाटी सगळ्यांसाठी असते. मीच लिहिली होती, मोठ्या झोकात. ज्याला ज्याला पुढं जायचं होतं तो तो मागं फिरला.

मी मागं सरलो. तोंडाकडं बघितलं नाही, नजर चटकन पुलाच्या दगडांवर नेली. खिशात ब्रश शोधला, अलीकडच्या कडेला दुसरी पाटी लावायची म्हणून. रंगांची पेटी गुरुवारी दादासाहेबांच्या गाडीत राहिली होती. हिल्डाला म्हटलं, हे चित्र उतरव. ती म्हणाली, कमिटीला विचारावं लागेल, उद्या टूर आहे, आणि कमिटीत तुझा मित्र आहे. बोलताना ती चित्राकडं पाठ करून उभी होती. मला वाटतं, ती मी यायच्या आधीपासूनच तशी उभी होती.

९

रविवारी दादासाहेबांनीच मला घेतलं. रस्त्यात मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून, माझ्या गुन्ह्यासकट.

ते स्टिअरिंगवर थाप मारून हसले. "पेंटर, शिमगा संपला की आता."

"आईच्यान खरं सांगतो. सतरा नंबर आज सोडा. एवढं ऐका."

"सतरा नंबर तर माझा मेन आयटम." मग स्टॉप साइनला थांबले, एक, दोन, तीन. त्यांचं हसू गेलं होतं. "एक सांगू? त्या आजारपणात काय बघितलं ते फारसं आठवत नाही. पण कुणीतरी पुढं होता. त्याचं तोंड बघायचं राहून गेलं बघ. रात्री उमा झोपली की तेच मनात येतं. एकदा बघितलं असतं तर..." आणि त्यांचा आवाज, शेवटच्या दोन शब्दांपुरता, मागच्या सीटवरून आल्यासारखा आला.

रंगांची पेटी मागच्या बाजूला होती. पोचल्या पोचल्या मी ट्रंक उघडायला लावली. रंग थंडीनं गोठून दगड झाले होते. उणे अठरा होतं तीन दिवस.

दोनला पाच कमी होते. लोक कोट काढत होते. मी सगळ्यांच्या आधी खोलीत शिरलो.

पूल दिसत नव्हता. गिरणी दिसत नव्हती. अर्धं चित्र एका गडद कोटानं भरलं होतं. जुन्या पद्धतीचा कोट, दुसरं बटण तुटलेलं, बटणाच्या जागी लोंबता दोरा. माझी नजर बटणावर होती. वर गळपट्टा होता, आणि गळपट्ट्याच्या वर हनुवटी सुरू होत होती. तिथं मी नजर तोडली. दोन्ही हात पुढं आले होते, तळवे आमच्याकडं, काचेला टेकवावेत तसे. हेरमनरावांच्या चित्राला काच नाही.

मागं दादासाहेबांचा आवाज आला, "या, या, इकडं या, आधी सतरा नंबरच बघू, आज मला घाई आहे."

मी वळलो आणि चित्राला पाठ लावली. हात दोन्हीकडं पसरले, चौकट पकडली. माझा कोट ऐसपैस आहे, यामिनीनं सेलमध्ये दोन नंबर मोठा घेतलाय. सगळं झाकलं गेलं असावं.

"पेंटर, बाजूला हो."

"मंडळी," मी म्हणालो, इंग्रजी मराठी मिळून जे तोंडात येईल ते, "आज दादासाहेबांच्या आधी माझं भाषण. मिरजेला एक वकील होता. त्याच्या पाटीवर एकानं शिंगं काढली."

लोक हसायला लागले. वहिनी हसल्या नाहीत, त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि दादासाहेबांचा दंड घट्ट धरला.

"अरे, बाजूला हो म्हणतो ना," दादासाहेब म्हणाले. ते माझ्या खांद्यावरून बघायला टाचा उंचावत होते, आणि शब्द आता ओठांच्या मागून येत होते. "मला बघू दे. एकदाच."

मी पण टाचा उंच केल्या. वकील संपला. दुसरा किस्सा काढला, स्नोमॅनचा. तिसरा अस्वलाचा. एक गोरी बाई डोळे पुसत हसत होती. रेडिएटर गप्प होता. माझ्या मानेवर केस हलत होते, खिडकी बंद असून.

मग पाठीत, दोन खवाट्यांच्या मधोमध, कुणीतरी बोट टेकवलं. हलकेच. गर्दीत पुढं जायचं असलं की भला माणूस टेकवतो तसं.

मी चौथा किस्सा सुरू केला.

बोट परत टेकलं. या वेळी थोडं जास्त वेळ.